चौकटीची नोंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चित्रपट अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. सरावाच्या वहीत 'मिड शॉट', 'क्लोज-अप' असं लिहून ठेवते; पण महिन्याभराने वाचलं तर काहीच उमगत नाही. नोंद कशी ठेवावी?

उत्तर : नुसत्या नावावर भागत नाही. एकाचा मिड शॉट कमरेशी संपतो, दुसऱ्याचा छातीशी. म्हणून फ्रेमची खालची कड शरीरावर नेमकी कुठे येते ते लिहा : अर्धी मांडी, कमरेच्या जरा वर, छातीचा मध्य. ही कड गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यावर पडली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. थोडी वर किंवा खाली सरकवली की खटकत नाही.

शेजारी तीन आकडे हवेत : लेन्स किती मिमी, कॅमेऱ्यापासून पात्राचं अंतर आणि जमिनीपासून लेन्सची उंची. अंतर लिहायचं बहुतेक जण विसरतात, आणि खरी गोम तिथेच असते. पात्राच्या मागे ४ मीटरवर खिडकी ठेवून बघा. आधी २५ मिमी लेन्स १ मीटरवरून, मग ५० मिमी २ मीटरवरून. चेहरा दोन्हींत जवळपास तेवढाच येईल. खिडकी मात्र दुसऱ्या फ्रेममध्ये दीडपटीहून मोठी दिसेल. श्रेय लेन्सला दिलं जातं, पण हा फरक पाडतं ते अंतर. लेन्स फक्त चेहऱ्याचा आकार पुन्हा जुळवून देते.

प्रत्येक शॉटमधली एक स्थिर फ्रेम छापून चिकटवा आणि डोळ्यांच्या पातळीवर पेन्सिलने रेघ ओढा. क्लोज-अपमध्ये ही रेघ साधारण वरच्या एक-तृतीयांशावर यावी. ती मधोमध आली, तर डोक्यावर नको तेवढी जागा सुटली आहे. फोकसचा चौकोन मध्यभागी असतो, चेहरा त्यात धरला जातो आणि कॅमेरा तसाच राहतो. नवख्यांकडून हे हमखास होतं. टाळू थोडी कापली गेली तरी हरकत नाही, हनुवटी कापू नका.

प्रश्न : संभाषणात कट दिल्यावर दोन्ही पात्रं एकाच दिशेला बघताना दिसतात. असं का?

उत्तर : दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली. शूटिंगआधी वरून दिसेल असा आराखडा काढा, दोघांना जोडणारी रेघ मारा आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. दोन्ही क्लोज-अपना लेन्स आणि अंतर सारखंच घ्या. पात्र ज्या बाजूला बघतं, तिकडे जास्त जागा सोडा.