साइगॉनचे लोक अशुद्ध बोलतात का? दक्षिण व्हिएतनामी उच्चारांबद्दल थोडं सविस्तर

तुमची अडचण थोडक्यात अशी: ॲपवर हनोईच्या आवाजात व्हिएतनामी शिकलात, नोकरीसाठी हो ची मिन्ह सिटीत (म्हणजे जुन्या साइगॉनमध्ये) आलात आणि इथे कोणीच तसं बोलत नाही. शब्दांचे शेवट वेगळेच ऐकू येतात, 'व्ह'चा 'य' होतो, आणि ऑफिसातली एक हनोईची सहकारी म्हणते की दक्षिणेकडचे लोक अशुद्धच बोलतात. मग नेमकं कोणाचं ऐकायचं?

अशुद्ध वगैरे काही नाही. दक्षिणेची ध्वनिव्यवस्था वेगळी आहे आणि तिचे नियम पक्के आहेत. ते एकदा कळले की तुमचं ॲपवरचं शिक्षण वाया गेलेलं नाही हेही कळेल. (खाली उच्चार देवनागरीत दिलेत, ते अर्थातच अंदाजे आहेत. खरा उच्चार कानानेच पकडा.)

शहराच्या नावापासूनच बघा. हनोईचा माणूस 'साइ गॉन' म्हणतो, जुना साइगॉनकर 'षाइ गॉङ'. सुरुवातीला मूर्धन्य 'ष' आहे, म्हणजे शाळेत बाईंनी शिकवलेला आणि आपण कोणीच न पाळलेला. शेवटी 'न'च्या जागी 'ङ' आहे. आता देशाचं नाव घ्या. उत्तरेत 'व्हिएत नाम', इथे रोजच्या बोलण्यात 'यीअक नाम'. पहिला 'व्ह' गेला आणि 'य' आला, शेवटचा 'त' गेला आणि 'क' आला. निम्मी दक्षिणी बोली या दोन नावांतच सापडते.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहेत ते शब्दांचे शेवट. आ, ओ, उ या गटातल्या स्वरांनंतर लिहिताना 'न' असला तरी साइगॉनमध्ये तो 'ङ' होतो आणि 'त'चा 'क' होतो. म्हणून टेबल आणि बदामाचं झाड (आपल्याकडे रस्त्याकडेला असतं तेच) हे दोन शब्द हनोईत 'बान' आणि 'बाङ' असे वेगळे, पण इथे दोन्ही 'बाङ'. हे ऐकून परका माणूस म्हणतो, यांनी 'न' गिळला. पण शेवटचा 'न' इथून नाहीसा झालेला नाही, त्याची फक्त जागा बदलली आहे. लिपीत शेवटी 'एन-एच' लिहितात तिथे हनोईत 'इङ'सारखं काहीतरी ऐकू येतं आणि साइगॉनमध्ये स्वच्छ 'न'. बान मी हा सँडविचमुळे जगभर पोचलेला शब्द याचंच उदाहरण आहे. हनोईत तो 'बाइङ मी'च्या जवळ जातो, आणि आपण ज्याला 'बान मी' म्हणतो तो उच्चार साइगॉनचा. तसंच 'दादा' किंवा 'तुम्ही' या अर्थाने दिवसातून शंभरदा येणारा शब्द उत्तरेत 'आइङ', इथे आखूड 'अन'. आवडणे हे क्रियापद उत्तरेत 'थिक', इथे 'थित', तेही 'इ' जरा मागे ओढून. इ आणि ए नंतर 'न' लिहिलेला असेल तर तो मात्र 'न'च राहतो.

ही अदलाबदल नीट बसवून घ्या. हनोईचा शब्द ऐकला की साइगॉनमध्ये त्याचा शेवट काय होईल हे बऱ्याचदा आधीच सांगता येतं.

आता सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारी आवाजाची चढउतार. उत्तरेत सहा, इथे पाच. 'होइ' आणि 'ङा' हे दोन सूर दक्षिणेत एकच झालेत: आवाज खाली जातो आणि परत वर येतो. हनोईत 'ङा' म्हणताना घशात मध्येच एक अडकल्यासारखा झटका बसतो, तो इथे नाही. सगळ्यात खालचा 'नाङ' हनोईत तुटक संपतो, इथे खाली जाऊन किंचित वळतो. दक्षिणेची भाषा मऊ आणि गाण्यासारखी वाटते याचं मोठं कारण हे घशातले झटके कमी असणं, असं माझं मत. व्यवहारात अडचण किती? जवळजवळ शून्य. दूध आणि दुरुस्ती हे दोन्ही शब्द इथे अगदी सारखे, 'षुआ'. पण गाडीच्या दुरुस्तीची पाटी बघून कोणी दुधाची कॉफी मागत नाही.

मराठी माणसाची सुरांतली खरी चूक वेगळीच असते. आपण प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर बदलतो आणि शब्दच दुसरा होतो. प्रश्नासाठी वेगळे शब्द आहेत, ते वापरा. नकाराचा आणि 'का?' विचारण्याचा शब्द पुस्तकात 'खोङ' असतो, शेवटी ओठ मिटलेले, त्यामुळे 'खोम'सारखा ऐकू येतो. इथे वाक्याच्या शेवटी त्याचंच सैल 'होङ' होतं. तरुण मुलं मेसेजमध्येही तसंच लिहितात.

आता तुमच्या हनोईच्या सहकारीसाठी दारूगोळा. 'टी-आर' आणि 'सी-एच' या दोन जोडाक्षरांचा उच्चार हनोईत एकच, 'च'. दक्षिणेत पहिला आपल्या 'ट'च्या जवळचा आणि दुसरा 'च', असे वेगळे राहतात. न्या ट्रांग हे समुद्रकाठचं शहर हनोईच्या तोंडी 'ञा चांग' होतं. 'एस' आणि 'एक्स' हनोईत दोन्ही 'स', इथे पहिला 'ष'. (घाईत बोलणारी शहरी मुलं इथेही दोन्ही एक करतात, पण फरक त्यांना माहीत असतो.) 'डी', 'जी-आय' आणि 'आर' ही तिन्ही हनोईत 'मजा'तल्या 'ज'सारखी. इथे 'आर' वेगळा राहतो, पण 'डी', 'जी-आय' आणि 'व्ही' यांचा एकच 'य' होतो. बिअरच्या टेबलावर 'मोत, हाइ, बा, यो!' ऐकलं असेल. तो 'यो' म्हणजे 'आत' या अर्थाचा 'व्हो'. मेकाँग खोऱ्यात गेलात तर 'र'चा 'ग' ऐकायला मिळेल, आणि साइगॉनकर स्वतःच त्यावर विनोद करतात.

म्हणजे दोघांनीही काहीतरी एकत्र केलंय, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. शुद्धलेखनाच्या चुकांतच ते दिसतं. दक्षिणेतली पोरं 'होइ' आणि 'ङा'च्या खुणांत आणि शेवटच्या 'न'-'ङ'मध्ये गोंधळतात, उत्तरेतली 'टी-आर' आणि 'सी-एच'मध्ये.

याचं मूळ लिपीत आहे. रोमन व्हिएतनामी लिपी सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगीज वळणावर बसवली. त्यांच्यातल्याच आलेक्सांद्र द रोद याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोमला छापला गेला. त्यात आज कुठेच ऐकू न येणारे 'ब्ल', 'त्ल' असे जोड आहेत: आकाशाचा आजचा 'ट्रोइ' तेव्हा 'ब्लोइ' होता. लेखन त्या काळाजवळ थांबलं आणि बोली पुढे गेल्या. हाच द रोद पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये गोव्यात उतरला होता, आणि रोमी कोकणीत 'श'साठी 'एक्स' लिहितात तो त्याच पोर्तुगीज घरातला. व्हिएतनामीत तो 'एक्स' आता 'स' झालाय.

आणि इथे ऐकू येणारा प्रत्येक उत्तरी उच्चार नवख्याचा नसतो. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाले तेव्हा आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. त्यांना अजून 'बाक ५४' म्हणतात, आणि त्यांच्या घरांत जुनं उत्तरी वळण टिकून आहे. ते आजच्या हनोईसारखंही नाही.

मग काय करायचं? काही गोष्टी तुम्हाला फुकटात मिळालेल्या आहेत. 'त' आणि 'थ'मधला फरक युरोपियनांना घाम फोडतो, आपल्याला नाही. 'ट' आहे, 'ङ' आहे, फक्त तो शब्दाच्या सुरुवातीला आणायची सवय करा: 'अंग' म्हणा आणि हळूहळू 'अ' गाळा. त्यांचे 'ब' आणि 'ड' (हा आडवी रेघ मारलेला, वरच्या 'डी'हून वेगळा) हवा आत ओढून म्हटल्यासारखे असतात. उल्हासनगरला सिंधी ऐकली असेल तर कानाला ओळखीचे वाटतील. शेवटचे 'प', 'त', 'क' मात्र आपण 'भात'सारखे सोडून देतो, ते तोंडातच अडवा.

ॲप बंद करू नका, शब्दसंग्रह आणि लेखन तिथूनच चालू द्या, पण बोलायची नक्कल हनोईच्या आवाजाची करू नका. ज्या शहरात भाजी घ्यायची आहे तिथलं वळण घ्या. किंमत विचारताना पुस्तकातलं 'बाव ञिएउ' नको, 'बाव ञिउ' म्हणा. 'फार' या अर्थाचा 'क्वा' इथे नुसता 'वा' होतो. ऐकायला हो ची मिन्ह सिटीच्या एचटीव्हीवरचे गप्पांचे कार्यक्रम चांगले. गाण्यांवर मात्र विसंबू नका: दक्षिणेतले गायकही गाताना बरेचदा उत्तरी उच्चाराकडे झुकतात आणि 'व्ह' स्पष्ट म्हणतात.

हनोईच्या ग्राहकांशी फोनवर बोलायचं असेल तरी साइगॉनचं वळण चालतं, ते टीव्हीवर रोज ऐकतात. अडलंच तर तेवढ्या शब्दापुरता 'व्ह' आणि शेवटचा 'न' लिहिल्याप्रमाणे म्हणा. इथले लोकही उत्तरेतल्या माणसाला समजावताना हेच करतात.