न्यूझीलंडविरुद्ध घरी ३-० हरलो ते सिलेक्शन चुकलं म्हणून की फॉर्मच नव्हता म्हणून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ ची ती टेस्ट सिरीज सिलेक्शनमुळे गेली का, आणि दुसरं म्हणजे सरफराज खानला वानखेडेवर आठव्या नंबरला बॅटिंगला कुठल्या डोक्यानं पाठवलं. दुसऱ्याकडे शेवटी येतो. पहिल्याचं माझं उत्तर नाही असं आहे. चुका झाल्या, नाही म्हणत नाही, पण बेंगळुरूनंतर जे बदल केले ते जवळपास सगळे लागू पडले आणि तरीही आपण हरलो, तेव्हा नुसतं सिलेक्शनवर खापर फोडून काही हाती लागत नाही.

खरं तर आधीच्या बांगलादेश सिरीजपासून बघायला पाहिजे, लोक तिथूनच विसरतात कारण ती आपण २-० जिंकलो. चेन्नईला पहिल्या इनिंगला आपले १४४ वर ६ गेले होते, मग अश्विनचे ११३ आणि जडेजाचे ८६ आले म्हणून सगळं झाकलं गेलं. कानपूरला अडीच दिवस पाऊस आणि ओलं मैदान, आणि उरलेल्या वेळात आपण टी-ट्वेंटीसारखी धुलाई करून मॅच काढली, ३४.४ ओव्हरमध्ये २८५, सगळा देश खूश. पण त्या दोन टेस्टमध्ये रोहितचे स्कोअर काय होते? ६, ५, २३, ८. विराटचे ६, १७, ४७ आणि नाबाद २९. जिंकलं की स्कोअरकार्डचा वरचा अर्धा भाग कुणी वाचत नाही हो. त्यात हे दोघं सप्टेंबरमधली दुलीप ट्रॉफीही खेळले नव्हते, म्हणजे लाल बॉलची मॅच प्रॅक्टिस म्हणून जे काही मिळायचं होतं ते थेट टेस्टमध्येच.

बेंगळुरूचं फार लांबण लावत नाही. पहिला दिवस पावसात गेला, दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत टॉस जिंकून आपण बॅटिंग घेतली आणि ४६ ऑलआउट. पाच जण शून्यावर, त्यांच्या फास्ट बॉलरपैकी हेन्रीला ५ विकेट, ओरूर्कला ४. इथे मात्र चूक आहे आणि ती रोहितनं स्वतः प्रेससमोर कबूलही केली, पीच वाचायला चुकलो म्हणाला. टीमही तशीच निवडलेली, अश्विन-जडेजा-कुलदीप तीन स्पिनर आणि बुमरा-सिराज दोनच फास्ट. नंतर दुसऱ्या इनिंगला सरफराजनं १५० मारले, पंतनं ९९, आपण ४०८ ला ३ होतो! आणि तिथून नवा बॉल आला न् ४६२ ला सगळे आत. हे ५४ धावांत ७ विकेट जाणं मला त्या ४६ पेक्षा जास्त टोचलं, कारण ४६ ला हवामान तरी होतं. शेवटी त्यांना १०७ हवे होते, दोन विकेट गमावून काढले. न्यूझीलंड भारतात टेस्ट जिंकलं ते १९८८ नंतर पहिल्यांदा.

आता पुणे. मला यावर जास्त बोलायचंय कारण दुसऱ्या दिवशी मी स्वतः गहुंजेला होतो, त्या स्टेडियमला बऱ्याच स्टँडवर छप्पर नाही आणि ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. पुण्यासाठी तीन बदल केले, राहुल, सिराज, कुलदीप बाहेर आणि गिल, आकाशदीप, वॉशिंग्टन सुंदर आत. सुंदर तर मूळ टीममध्येही नव्हता, त्यानं रणजीत दिल्लीविरुद्ध १५२ मारले आणि बेंगळुरूनंतर त्याला बोलावून घेतलं, विचार असा की लॅथम, कॉन्वे, रचिन रवींद्र असे वरचे डावखुरे, त्यांच्यापासून ऑफस्पिनर बॉल बाहेर वळवेल, शिवाय खाली बॅटिंगपण येईल. तेव्हा सोशल मीडियावर लोक काय काय बोलले, गावसकरांनाही ते पटलं नव्हतं. आणि झालं काय? पहिल्या इनिंगला सुंदरला ५९ धावांत ७ विकेट! पहिल्या तीन विकेट अश्विनला, उरलेल्या सातही सुंदरला, म्हणजे दहाच्या दहा ऑफस्पिनरनीच घेतल्या. १९७ ला ३ वरून न्यूझीलंड २५९ ऑलआउट. दुसऱ्या इनिंगला परत ४. एका मॅचमध्ये ११ विकेट घेणारा माणूस चुकीचं सिलेक्शन होतं असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

पण मग आपण बॅटिंगला आलो. त्यांचा स्पिनर मिचेल सँटनर, ज्याच्या नावावर तोपर्यंत टेस्टमध्ये एकदाही पाच विकेट नव्हत्या आणि जो बेंगळुरूला खेळलासुद्धा नव्हता, हेन्रीला दुखापत झाली म्हणून ज्याला घेतलं, त्यानं ५३ धावांत ७ विकेट घेतल्या. विराट कसा आउट झाला ते आठवतंय ना, हळू फुलटॉस, सरळ मारायचा सोडून आडवा खेळायला गेला आणि बोल्ड. आमच्या स्टँडमध्ये एक सेकंद कुणाला कळलंच नाही काय झालं ते, मग एकदम बाजार भरल्यासारखा गलका. रोहित ० आणि ८, विराट १ आणि १७. ३५९ च्या टार्गेटला जयस्वालनं ७७ मारून आशा लावली खरी, पण सँटनरला परत ६, एकूण १३, आणि आपण ११३ नी हरलो. २०१२ ला इंग्लंडकडून हरल्यापासून घरी सलग १८ सिरीज जिंकलेल्या, ती साखळी गहुंजेला संपली.

माझ्या मते खरा मुद्दा हा आहे, पीच कसं मागवायचं हेही एक सिलेक्शनच असतं आणि त्याची चर्चा प्लेइंग इलेव्हनच्या चर्चेत कधी होत नाही. पहिल्या दिवसापासून वळणारं पीच केलं की तुमच्या अश्विन-जडेजाचा जो वर्षानुवर्षांचा अनुभव आहे तो अर्धा वाया जातो, कारण तिथे साध्या जागेवर बॉल टाकणाऱ्यालाही विकेट मिळतात, म्हणजे समोरच्या टीमचा मधलाच स्पिनर एकदम तुमच्या बरोबरीला येतो. हे गहुंजेनं आपल्याला २०१७ ला शिकवलं होतं, ऑस्ट्रेलियाचा स्पिनर ओकीफला मॅचमध्ये १२ विकेट, आपण १०५ आणि १०७ ऑलआउट. चांगल्या फॉर्मातली बॅटिंग असती तर असं पीच चालून गेलं असतं. पण वरचे दोन सिनियर महिनाभर चाचपडतायत हे दिसत असताना असं पीच मागणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

मुंबईला तर काय, बुमरा आजारी म्हणून बाहेर, सिराज आला, त्यांच्याकडे सँटनर दुखावलेला. त्यांचा भरवशाचा बॅट्समन विल्यमसन तर अख्ख्या सिरीजमध्ये एकही मॅच खेळला नाही, हे लोक सोयीनं विसरतात. जडेजाला दोन्ही इनिंगमध्ये पाच-पाच विकेट. गिलचे ९०. म्हणजे पुण्याला आत घेतलेला गिलही चालला. टार्गेट फक्त १४७, आणि आपण २९ ला ५! रोहित, गिल, विराट, जयस्वाल, सरफराज, सगळे पॅव्हेलियनमध्ये. पंत एकटा ६४ पर्यंत भिडला, तो डीआरएसवर, म्हणजे रिव्ह्यूमध्ये थर्ड अंपायरनं आउट दिल्यामुळे, गेला (त्यावर वाद घालायला मी तयार आहे पण इथे नको), आणि १२१ ला संपलं, २५ रन कमी. त्यांचा स्पिनर एजाज पटेलला मॅचमध्ये ११ विकेट. मुंबईत जन्मलेला माणूस, २०२१ ला त्याच ग्राउंडवर आपल्या दहाच्या दहा काढून गेलेला, त्याच्यासाठी आपण परत तसलंच पीच करून ठेवलं, आता बोला.

सिरीजचा हिशोब मांडा. सहा इनिंगमध्ये रोहित ९१, विराट ९३, त्यातले अनुक्रमे ५२ आणि ७० बेंगळुरूच्या एकाच इनिंगमधले. पंत २६१. सुंदर दोनच टेस्ट खेळून १६ विकेट, जडेजा तीन खेळून तेवढ्याच, अश्विन ९. बॉलिंगनं पुण्यात आणि मुंबईत आपल्याला मॅचमध्ये ठेवलं होतं. वरून रन आले नाहीत. आणि बदल करायची वेळ आली तेव्हा राहुल गेला, कुलदीप गेला, सिराज गेला, म्हणजे ज्यांना काढणं सोपं होतं ते गेले. फॉर्मची फूटपट्टी सगळ्यांना एकच लावली असती तर चर्चा वेगळीच झाली असती. ती वेळ आली जानेवारी २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या सिडनी टेस्टला रोहित स्वतः बाहेर बसला तेव्हा. मग बोर्डानं सगळ्यांना डोमेस्टिक खेळा सांगितलं, रोहित मुंबईत बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळला, ३ आणि २८, मुंबई घरच्या ग्राउंडवर हरलीसुद्धा.

आता सरफराज. मुंबई टेस्टच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी जयस्वाल रिव्हर्स स्वीपवर गेला, नाइटवॉचमन (दिवस संपत आला की मुख्य बॅट्समनला वाचवायला पाठवलेला बॉलर) सिराज पहिल्याच बॉलला गेला, मग विराट रनआउट, ७८ ला १ वरून ८४ ला ४. तिथून पंत आणि नंतर जडेजा आधी आले ते समोर गिल उजवा म्हणून, लेफ्ट-राइट जोडी ठेवायची, एजाजला लाइन बदलायला लावायची. लॉजिक आहे, अगदीच वेडेपणा नव्हता. पण स्पिन खेळणं हीच ज्याची ओळख, दोन आठवड्यांपूर्वी ज्यानं १५० मारलेत, त्याच महिन्यात इराणी कपमध्ये मुंबईसाठी नाबाद २२२, त्याला त्याच्याच शहरात जडेजाच्याही खाली? तो ० वर गेला, पुढच्या इनिंगला १. तरी मला आठव्या नंबरपेक्षा पुढचंच जास्त खटकतं, ऑस्ट्रेलियाला त्याला घेऊन गेले, पाच टेस्ट झाल्या, त्यातली एकही खेळवली नाही, आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या टीममध्ये तर नावच नव्हतं.