ओझीला काढल्यानंतरचा ब्लॅक सॅबथचा 'हेवन अँड हेल' ऐकण्यासारखा आहे का?

बेलाशक ऐका, फक्त जुना सॅबथ थोडा वेळ बाजूला ठेवून. १९७९ मध्ये गायक ओझी ऑस्बॉर्नला या ब्रिटिश हेवी मेटल बँडमधून काढलं आणि 'रेनबो' हा बँड सोडलेला रॉनी जेम्स डिओ त्याच्या जागी गायला आला. अल्बम १९८० चा, निर्माता मार्टिन बर्च.

खरा फरक गाण्याच्या पद्धतीत आहे. सॅबथच्या जुन्या 'आयर्न मॅन' गाण्यात ओझी गिटारच्या रिफचेच, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीचेच, सूर धरून गातो. रिफ वर गेली की तोही वर. डिओ असा मागे मागे जात नाही. अल्बमच्याच नावाचं जवळपास सात मिनिटांचं गाणं घ्या. कडव्यात टोनी आयॉमीची गिटार मागे सरते, गीझर बटलरचा बास दुडक्या चालीत चालू राहतो आणि त्या मोकळ्या जागेत डिओ स्वतःची वेगळीच चाल उभी करतो. शेवटी तर गाणं एकदम पळतच सुटतं. शब्दही डिओचेच, आधी ते काम बहुतेकदा बटलरकडे असायचं.

'ओझीशिवाय कसला सॅबथ!' म्हणणारे आजही भेटतील. म्हणोत बापडे. मला तरी हा अल्बम त्याच्या आधीच्या दोनांपेक्षा कितीतरी दमदार वाटतो.

सुरुवात यातल्याच 'चिल्ड्रन ऑफ द सी' या गाण्यापासून करा, तीही हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर बास कळणारच नाही.