व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, आता गावात कसं वावरू?

हा प्रश्न हल्ली समुपदेशनात वारंवार येतो. विचारणारा बहुतेकदा "एवढ्याशा गोष्टीसाठी आलो" म्हणून आधीच ओशाळलेला असतो. औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा अनुभव त्याच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते.

त्याचं सोयाबीन विरळ उगवलं. पिशवीत उरलेल्यातले शंभर दाणे त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, तर ५४ उगवले. किमान ७० टक्के उगवण हवी हे त्याला ठाऊक होतं. त्याने बिलासकट फोटो गावच्या शेतकरी ग्रुपवर टाकला. ॲडमिन निवृत्त गुरुजी, आणि बियाणं विकणारं कृषी सेवा केंद्र त्यांच्या मेहुण्याचं! फोटो डिलीट झाला. "गुरुजी, का काढला?" विचारलं, तर यालाच ग्रुपबाहेर काढलं.

"लोकं हसायलेत, मॅडम. पारावर गेलं की गप्प बसतात." बाहेर गेलेल्यांची नावं ६० दिवस ग्रुपमध्ये दिसतात हे कळल्यापासून तो दिवस मोजत होता. झोप उडाली होती.

"मोबाइलच तो, सोडून दे," असं मी म्हणत नाही. मयताची बातमी, लाइटची वेळ, मोंढ्यातला भाव, सगळं त्या ग्रुपवर येतं. त्यातून काढलेला माणूस खरोखरच काहीतरी गमावतो. शिवाय त्याची बाजू कुणी ऐकलेली नसते, आणि ते सगळ्या गावादेखत झालेलं असतं.

गुरुजींचीही एक बाजू आहे. वर्षानुवर्षं फुकट राबायचं, गुड मॉर्निंगचे फोटो आवरायचे, राजकारणाची भांडणं सोडवायची. उद्या कुणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील, ही धास्ती वेगळी. (सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, धास्ती काही गेली नाही.) पण इथे धास्ती नव्हती, मेहुणा होता. राबता राबता ग्रुप आपलाच वाटायला लागतो, आणि मग गैरसोयीचा प्रश्नही कचऱ्यात जातो.

मी त्याला विचारलं, "तुला बियाण्याचा न्याय हवा की गुरुजींची माफी?"

"दोन्ही."

रास्तच होतं, पण वाटा दोन. बियाण्यासाठी ग्रुपची गरजच नव्हती. बिल, पिशवी, टॅग जपून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची, म्हणजे समिती शेतात येऊन पाहणी करते. मात्र दुबार पेरणीसाठी रान मोडायच्या आधी. तो तर दुसऱ्याच दिवशी मोडायला निघाला होता.

दुसऱ्या एका ग्रुपवर टाकायला त्याने स्क्रीनशॉटांसह लांबलचक मजकूर लिहून ठेवला होता. तो थांबवायला लावला. गुरुजींकडे एकट्यानेच जा, "कोणता नियम मोडला?" एवढंच विचार, आणि दुकानाशी संबंध नसलेला दुसरा ॲडमिन नेमा म्हणून सांग. परत घ्या म्हणून मात्र विनवायचं नाही.

गुरुजींनी चहा पाजला. नियम सांगितला नाही. "तू लई बोलतोस," एवढंच म्हणाले. पण पुढे बचत गटाच्या एका ताई दुसऱ्या ॲडमिन झाल्या आणि त्यांनी त्याला परत घेतलं. समितीचा पंचनामाही झाला. त्याची प्रत ग्रुपवर टाकू का, हे विचारायला तो पुढच्या आठवड्यात येणार आहे.