वाचकांचे प्रश्न : एका रिमोटवर सारं घर

प्रश्न : युनिव्हर्सल रिमोटवर टीव्ही चालतो, पण छताच्या पंख्याचा रिमोट त्याला ‘शिकवता’ (म्हणजे त्या रिमोटच्या बटणांचे संदेश यात साठवता) येत नाही. रिमोट खराब आहे का?

बहुधा नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. पंख्यांचे आणि दिव्यांचे बरेच रिमोट रेडिओ लहरींवर. आधी पंख्याच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा (मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच बहुधा असते). जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर इन्फ्रारेड. ठिपका नाही आणि पंखा बंद दाराआडूनही चालतो, तर रेडिओ. मग निव्वळ इन्फ्रारेडचा रिमोट कितीही महागडा घेतलात तरी उपयोग नाही. पंख्याच्याच फ्रीक्वेन्सीचा, बहुतेकदा ४३३ मेगाहर्ट्झचा, संदेश पाठवणारा हब, म्हणजे उपकरणांना आदेश देणारी डबी, लागेल.

ठिपका दिसूनही शिकवणी फसत असेल, तर दोन्ही रिमोट टेबलावर टोकाला टोक करून ठेवा, मध्ये २ ते ५ सेंटिमीटर अंतर. सेल नवे घाला, ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेड टाळा. आणि बटण दाबून धरू नका. पुष्कळ रिमोट पूर्ण कोड एकदाच पाठवतात, पुढे फक्त ‘तेच पुन्हा’ अशी छोटी खूण. ती खूणच साठवली गेली की बटण निकामी.

प्रश्न : एसीचं ‘तापमान वाढवा’ बटण शिकवलं. आता ते कितीही वेळा दाबलं तरी तापमान २५ वरच का येतं?

कारण एसीचा रिमोट ‘एक अंश वाढव’ असं सांगतच नाही. प्रत्येक दाबासरशी तो सगळी स्थिती पाठवतो : चालू, कूल, २५ अंश, पंखा मध्यम. तुम्ही साठवलंत ते हे पूर्ण चित्र. त्यामुळे एसीसाठी बटणं नव्हेत, स्थिती शिकवा. २६ अंश आणि मंद पंखा हवा असेल, तर मूळ रिमोटवर पंखा मंद करून तापमान २५ वर आणा, शिकवणी सुरू करा आणि ‘वाढवा’ एकदा दाबा. २६ ची पूर्ण स्थिती साठेल. ‘चालू’ आणि ‘बंद’ याच कारणाने दोन वेगळ्या बटणांवर शिकवा. एसीचा संदेश टीव्हीपेक्षा बराच लांब असतो, काही साध्या रिमोटच्या मेमरीत तो मावत नाही. तसं झालं तर शिकवणी सोडा आणि रिमोटमधल्या यादीतून तुमच्या कंपनीचा कोड निवडा.

प्रश्न : ‘सगळं बंद’ (एका दाबात सगळ्या उपकरणांना ओळीने आदेश देणाऱ्या) बटणाने कधी कधी बंद असलेला टीव्हीच चालू होतो.

टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदसाठी बहुधा एकच कोड असतो आणि साध्या इन्फ्रारेड रिमोटला टीव्हीकडून उत्तर येत नाही, म्हणून तो चालू आहे की बंद हे रिमोटला कळत नाही. कोडच्या यादीत ‘बंद’चा स्वतंत्र कोड सापडला तर तोच वापरा, मूळ रिमोटवर नसला तरी काही टीव्ही तो ओळखतात. प्रत्येक दोन आदेशांमध्ये अर्धा ते एक सेकंद थांबा ठेवा आणि शेवटचा आदेश जाईपर्यंत रिमोट उपकरणांकडेच रोखून धरा. हात लवकर खाली गेला की शेवटचं उपकरण हमखास राहून जातं.

प्रश्न : स्विचबोर्डात रिमोटचं मॉड्यूल (रिमोटने दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) बसवलं. बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद जळतो.

मॉड्यूल न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) न लागणारं असावं. स्वतः जागं राहायला ते बल्बमधूनच थोडा प्रवाह घेतं. जुन्या पिवळ्या बल्बला तो जाणवत नसे, एलईडीला तेवढाही पुरतो. मॉड्यूलसोबत आलेला कपॅसिटर (हा थोडा प्रवाह स्वतःतून जाऊ देणारा छोटा भाग) बल्बच्या दोन टोकांना समांतर जोडून घ्या. बोर्डात न्यूट्रल आणता आली तर न्यूट्रलवालं मॉड्यूल केव्हाही चांगलं. काम एमसीबी पाडून, जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. याच मॉड्यूलवर गीझर मात्र जोडू नका : २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. दिव्यांसाठीच्या छोट्या रिलेचे (मॉड्यूलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क त्याने चिकटतात, आणि मग रिमोटवर ‘बंद’ दाबलं तरी गीझर चालूच राहतो.