टणक खाऊन माकडाचा जबडा मोठा होतो, की तो जन्मतःच तसा असतो?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण कुठली गोष्ट कुठल्या अवयवाला लागू पडते ते वेगळं करून बघावं लागतं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात दोन कवट्या देतो, एक काळतोंड्या वानराची आणि एक लाल तोंडाच्या माकडाची. डोळे मिटून दाढांवरून बोट फिरवायला सांगतो. वानराच्या दाढांचे उंचवटे उंच आणि कडा धारदार, बोटाला लागतातच. माकडाच्या दाढा बसक्या, बोथट. दात दोघांचेही 32. पण वानर मुख्यतः पाला खातं, आणि पाला नुसता ठेचून भागत नाही, चिरावा लागतो. माकडाला फळांचे लचके तोडायचे असतात, म्हणून त्याचे पटाशीचे दात रुंद.

वानराचा चेहरा आखूडही असतो. त्याचा फायदा अडकित्ता वापरणाऱ्याला लगेच कळेल: सुपारी सांध्याजवळ सरकवली की कमी जोरात फुटते. दाढा जबड्याच्या सांध्याजवळ आल्या की तेच होतं.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र पेरूतल्या मानूच्या जंगलातलं आहे. तिथे कॅपुचिन माकडांचे दोन प्रकार शेजारी शेजारी राहतात. त्यांतलं दणकट कॅपुचिन ताडवर्गातल्या झाडांची कठीण फळं दातांनी फोडतं. त्याच्या खालच्या जबड्याचं हाड जाड आणि उभट असतं (फळी आडवी ठेवली तर वाकते, कडेवर उभी केली तर वाकत नाही), दातांवरचं एनॅमलही जाड. कानशिलावर बोट ठेवून दात आवळून बघा, जो स्नायू फुगतो तोच याच्यात इतका मोठा असतो, की त्याला धरायला मोठ्या नरांच्या डोक्याच्या माथ्यावर हाडाचा कंगोरा उठतो. सडपातळ कॅपुचिनमध्ये यातलं काही एवढं ठळक नाही. आणि गंमत अशी, की एरवी दोघंही पिकलेली फळं आणि किडेच खातात! पिकलेली फळं संपतात त्या कोरड्या महिन्यांत ही टणक फळं कामी येतात. म्हणजे जबडा घडला तो टंचाईच्या खाण्यासाठी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुसतं 'काय जास्त खातं' एवढं मोजलं तर हा फरक हाती लागतच नाही.

हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेलं. एका आयुष्यात काय होतं? 1982 मध्ये कोरुचिनी आणि बीचर या संशोधकांनी मऊ खाण्यावर वाढवलेली स्क्विरल माकडं तपासली. कडक खाणाऱ्यांपेक्षा त्यांच्या वरच्या जबड्याची कमान अरुंद होती आणि दात वेडेवाकडे बसलेले. हाड ताणाला प्रतिसाद देतं. दाढेचा आकार मात्र ती हिरडीतून वर येण्याआधीच ठरलेला असतो, चावून फक्त झिजतो.

आणि प्रत्येक मोठा जबडा खाण्याच्या खात्यावर टाकू नका. हाउलर माकड पाला खातं खरं, पण त्याचा जबडा मागच्या बाजूला इतका खोल असण्यामागे त्याच्या आवाजाचाही वाटा आहे: डरकाळी घुमवणारं घशातलं फुगीर हाड जबड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या मधेच मावतं.