क्रॉल स्पेसमधली ओल: आणखी व्हेंट पाडू नका

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलीजवळ १९९० च्या सुमाराचं घर घेतलंय, खाली मातीची क्रॉल स्पेस (घराखालची, रांगतच जाता येईल एवढी बुटकी पोकळी) आहे, जूनपासून खालच्या मजल्यावर कुबट वास येतोय आणि कंत्राटदार म्हणतोय, अजून चार व्हेंट (हवा खेळायला पायाच्या भिंतीत ठेवलेले झरोके) पाडू, पंखा बसवू. बसवावा का?

नको. मी हाच उपाय करून पस्तावलेय.

आमचं घर कॅरीत, म्हणजे तुमच्याकडून फार लांब नाही. पहिल्याच उन्हाळ्यात आई चिपळूणहून आली आणि दारातच म्हणाली, "पावसाळाभर ट्रंकेत राहिलेल्या गोधडीचा वास येतोय गं." आमची नाकं सरावली होती. शेजारच्या आजोबांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही एप्रिलमध्ये सगळे व्हेंट उघडायचो, नोव्हेंबरात बंद करायचो. वास वाढला तेव्हा पंखा लावला. पुढच्या ऑगस्टमध्ये जेवणाच्या खोलीतल्या लाकडी फ्लोअरच्या पट्ट्या कडांनी उचलल्या; अनवाणी चाललं की प्रत्येक कड तळव्याला लागायची. शेवटी टॉर्च घेऊन मीच रांगत खाली गेले. एसीच्या डक्टवरून थेंब टपकत होते, तुळयांमधलं फायबरग्लासचं इन्सुलेशन ओल्या कापसासारखं लोंबत होतं, आणि पंखा मात्र जोरात फिरत होता.

कारण साधं आहे. मे महिन्यात मुंबईत फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो. ते पाणी बाटलीतलं नसतं, हवेतलं असतं. इथे रॅलीकडे जुलैत बाहेर ९० फॅरनहाइट आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, ७४ च्या आसपास असतो. घराखाली सावलीत, गार मातीजवळ तापमान साधारण ७०-७२. एसीचा डक्ट तर त्याहून कितीतरी थंड. म्हणजे बाहेरची हवा आत आली की वाळवत नाही, पाणी सोडून जाते. पंखा लावला की हे काम आणखी जोमात. 'वारा खेळता ठेवा, ओल जाईल' हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की पटायला वेळ लागतो. पण भर श्रावणात खिडक्या उघड्या टाकून कोणी पापड वाळवत नाही.

रॅलीच्याच ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावातल्या १२ घरांवर हे मोजून पाहिलंय. बंद केलेल्या क्रॉल स्पेस व्हेंटवाल्यांपेक्षा कोरड्या राहिल्या, शिवाय गरम-थंड करण्याचा खर्चही कमी झाला.

आता बिल्डिंग कोडमधली गंमत बघा. व्हेंट ठेवायचे तर साधा नियम दर १५० चौरस फूट जमिनीला १ चौरस फूट मोकळी जागा असा आहे. पण मातीवर नीट प्लॅस्टिक अंथरलं तर १५०० ला १ पुरते. मातीतून येणारी ओल अडवण्याचं मोल कोडलाही कळलेलं आहे.

म्हणून आधी मोजा. एक स्वस्त हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता आणि तापमान दाखवणारं यंत्र) खाली ठेवा आणि वेदर ॲपमधला बाहेरचा दवबिंदू बघा. तो खालच्या तापमानाच्या जवळ किंवा वर असेल, तर ओल व्हेंटमधून येतेय. उलट खालच्या हवेचाच दवबिंदू बाहेरच्यापेक्षा जास्त निघाला, तर पाणी मातीतून किंवा एखाद्या गळक्या पाइपातून येतंय. तुळईला मॉइश्चर मीटर टोचून पाहा. २० टक्क्यांच्या वर गेलं की लाकूड कुजायची भीती.

मग पावसाचं पाणी. छपराच्या पन्हाळींचं पाणी भिंतीपासून लांब सोडा, माती घराकडून बाहेर उतरती करा. कपड्यांच्या ड्रायरचा हवा बाहेर सोडणारा पाइप चुकून खालीच सोडलेला नाही ना, तेही बघा. हे न करता प्लॅस्टिक अंथरलं तर त्याखाली तळं होतं.

प्लॅस्टिक किमान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घ्या. वर रांगायचं असेल तर जाड बरं. जोड ६ इंच एकमेकांवर आणि टेप लावून, कडा भिंतीवर चढवून. भिंतीच्या माथ्याला वाळवी तपासायला ३ इंचांची पट्टी मोकळी सोडा. त्यानंतर व्हेंट बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. कोडचा हिशेब दर १००० चौरस फुटांना रोज ७० पिंट (पिंट म्हणजे साधारण अर्धा लिटर) पाणी. त्याचं पाणी आपोआप बाहेर जाईल अशी सोय करा, नाहीतर दर दोन दिवसांनी बादली काढायला रांगत जावं लागेल.

दोन ठिकाणी मात्र थांबा. घर पूरक्षेत्रात असेल, तर पायाच्या भिंतीतली पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणारी भोकं बुजवायची नसतात. ती निराळी, व्हेंट निराळे. आणि गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) किंवा वॉटर हीटर खालचीच हवा घेऊन जळत असेल, तर व्हेंट बंद करणं जिवावर बेतू शकतं. आधी एचव्हीएसीवाल्याला, म्हणजे घर गरम-थंड करणाऱ्या यंत्रणेच्या तंत्रज्ञाला, दाखवा. बंद केल्यावर रेडॉनची (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) चाचणीही करून घ्या.

तुमच्याकडेही फ्लोअर उचललं असेल तर लगेच घासून सपाट करून घेऊ नका. खालची ओल गेली की पट्ट्या बऱ्याच अंशी आपोआप बसतात. आधी घासल्या तर वाळल्यावर मधोमध फुगतात. आमच्या पट्ट्या बसायला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

तुमची फर्नेस खाली आहे का आणि कशावर चालते, तेवढं कळवा. व्हेंट कधी बंद करायचे ते त्यावर ठरेल.